हंगामाचा पैसा आणि बिगरहंगामाचे पोट



कारखान्याचा भोंगा थांबला की गट ऑफिसात दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. एक, दुसऱ्या हप्त्याची चौकशी करणारी. दुसरी, पुढच्या हंगामाची उचल आत्ताच मिळेल काय म्हणून आडून आडून विचारणारी. ही दुसरी मंडळी म्हणजे आपले तोडणी-वाहतूक ठेकेदार. यांतले कित्येक स्वतः सभासद आहेत. दोन-चार एकर ऊस, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि कारखान्याशी वर्षाचा करार. त्यांना महिन्याचा पगार नाही, फंड नाही, रजा नाही. काम आहे तोवर रोज पैसा, काम थांबले की सगळेच थांबले. या अंकात त्यांच्याविषयी, आणि त्यांच्याबरोबर थोडे आपल्या सर्वांविषयी, आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत.

उदाहरण मात्र लांबचे घेतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हा मुलूख धानाचा आणि जंगलाचा, उसाचा नव्हे. 1982 साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला. तिथल्या माणसाचे वर्ष आपल्यापेक्षाही तुकड्या-तुकड्यांचे. चैताच्या सुमारास मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात धान, पुढे बांबूची किंवा कुपाची कटाई. यांत रोख पैसा देणारा मोठा हंगाम तेंदूचा, आणि तो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचे, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. असे हजार पुडे झाले की एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीला सत्तर हजार पाने! आणि मध्येच अवकाळी पाऊस किंवा गारा झाल्या, तर झाडावरचे पानच खराब.

या दोन-तीन आठवड्यांच्या पैशात मृगाचे बियाणे, पोरांची वह्या-पुस्तके, दुकानदाराची मागची बाकी, सगळे बसवायचे असते. पान तोडल्याची मजुरी आधी मिळते, विक्रीतला वाढीव हिस्सा मागाहून. आपल्याकडे पहिला हप्ता आणि दिवाळीचा हप्ता असतो, तसेच म्हणा ना.

आता भावाचे पाहा. वनहक्क कायदा 2006 सालचा. त्याच्या आणि पेसा कायद्याच्या आधारे गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. 2017 चा हंगाम फार तेजीचा गेला. गावोगाव कधी पाहिला नाही एवढा पैसा आला. त्याच वर्षी 1 जुलैपासून जीएसटी आला आणि तेंदूपानावर 18 टक्के कर बसला. 2018 ला भाव पडले. मागच्या वर्षीच्या हिशेबावर ज्यांनी मोटारसायकलचे हप्ते बांधून घेतले होते, त्यांची काय गत झाली असेल ती आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याकडे राज्यात 2015-16 साली सुमारे 84 लाख टन साखर झाली आणि दुष्काळाने पुढच्याच वर्षी ती सुमारे 42 लाख टनांवर आली. निम्मी! साखर निम्मी म्हणजे ऊस निम्मा, ऊस निम्मा म्हणजे खेपा निम्म्या. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र पुरा.

चांगले वर्ष हे नेहमीचे वर्ष समजणे, हा हंगामी धंद्यातला मोठा घात आहे.

त्याच गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातले गाव पुष्कळांनी ऐकले असेल. देवाजी तोफा यांचे गाव. 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे जाऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. वर्तमानपत्रांनी तेवढे छापले. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती एक लहान गोष्ट. त्या गावाने सर्वांच्या संमतीने ठरवून टाकले आहे की, मिळालेल्या मजुरीतला दहावा हिस्सा आधी ग्रामकोषात जाईल. शंभरातले दहा. उरलेल्यांत घर चालवायचे.

कोणी म्हणेल, तो गावाचा सामाईक कोष झाला, एकेका माणसाची शिल्लक नव्हे. बरोबर आहे, आणि म्हणून तो जसाच्या तसा उचलून इथे आणा असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, हिस्सा आधी निघतो. खर्च भागवून उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्याचे कधी काही उरले आहे काय? दुसरी, हिशेब सगळ्यांसमोर असतो. आपला पैसा कुठे आहे आणि किती आहे, हे ज्याला माहीत असते तो कापून घेऊ देतो. ज्याला माहीत नसते तो कपातीच्या नावानेच बिथरतो.

इथे आम्ही स्पष्टच बोलतो, कारखान्याच्याच पत्रिकेत बोलतो म्हणून कोणी रागावू नये. आपल्या सभासदाला ‘कपात’ या शब्दाचा वीट आला आहे. भागाची कपात, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, अमुक निधी, तमुक निधी. यांतले काही योग्य कामाला लागले, त्यावर कारखाने उभे राहिले, हे नाकारून चालणार नाही. पण ठेव म्हणून कापलेला पैसा मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला मागायला गेले, की तो मिळेपर्यंत चपला झिजतात, हा अनुभव महाराष्ट्रातल्या पुष्कळ ऊसवाल्यांचा आहे. तेव्हा ठेकेदारांसाठी नवी कपात काढून ती कारखान्याच्याच खात्यात जमा करायची असेल, तर आमचा तिला साफ विरोध आहे. अडीअडचणीचा पैसा अडचणीत हाताला लागला पाहिजे. आणि कारखाना अडचणीत येतो तेव्हाच ठेकेदारही अडचणीत येतो. दोघांची पुंजी एकाच कणगीत ठेवून कसे भागेल?

उचलीबद्दलही बोलले पाहिजे. ठेकेदार हंगामापूर्वी कारखान्याकडून लाखांनी उचल घेतो आणि मुकादमाला, टोळीला देतो. त्या दिवशी घरात नोटांची बंडले दिसतात, आणि त्यांतून पाच-पन्नास हजार घरखर्चाला सहज निघतात. पण बंधूंनो, उचल ही कमाई नव्हे, ते कर्ज आहे. टोळी आली, राबली, तर ते फिटते. कोयते आलेच नाहीत, मुकादमाने दुसऱ्याचीही उचल खाल्ली, असे झाले म्हणजे ती रक्कम ठेकेदाराच्या नावावर खर्ची राहते. अशा बुडीत उचलीपायी ट्रॅक्टर विकलेली माणसे प्रत्येक गटात एक-दोन तरी सापडतील. ऊस उत्पादकाला निदान 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा आधार आहे: 14 दिवसांत बिल, उशीर झाला तर व्याज. तो आधारही कागदावरच राहतो कधी कधी, पण आहे. ठेकेदाराच्या पाठीशी तेवढेही नाही. त्याचा करार आणि त्याची स्वतःची शिल्लक, एवढेच.

मग शिल्लक किती असावी? शहरातले जाणते लोक सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा म्हणतात. त्यांचे बरे असते, त्यांना नोकरी गेली तरच संकट. आपल्याला बिगरहंगाम दरवर्षी ठरलेला. तो खर्च तर नेहमीचाच धरला पाहिजे. त्याला संकट म्हणणे म्हणजे पावसाळ्याला अपघात म्हणण्यासारखे. समजा, एका ट्रॅक्टरवाल्याचा घरखर्च महिना 18,000, सहामाही हप्ता 1,10,000 आणि हंगामाआधी टायर-दुरुस्ती 50,000. सात महिन्यांच्या बिगरहंगामाला 1,26,000 घरचे, अधिक हप्ता, अधिक दुरुस्ती, मिळून 2,86,000 हंगामाच्या कमाईतूनच निघायला हवेत. ही शिल्लक नव्हेच. शिल्लक म्हणजे याच्यावरचे, हंगाम अर्ध्यावर आटोपला तर तगून राहण्यापुरते: आणखी सहा महिन्यांचा घरखर्च 1,08,000 आणि एक हप्ता 1,10,000, म्हणजे 2,18,000.

आकडा ऐकून छातीत धस्स होईल. पण त्याचे हंगामाचे बिल 12 लाखांचे धरले आणि प्रत्येक बिलातून शेकडा पाच बाजूला पडले, तर हंगामाला 60,000 होतात. व्याज सोडून दिले तरी चौथ्या हंगामात रक्कम पुरी. मेंढ्याचा दहावा हिस्सा आपण सांगत नाही, कारण तो मजुरीतला हिस्सा आहे. आपल्या बिलात डिझेल आणि टोळीची मजुरीही असते. पाचावर भागेल.

असा पैसा गाठीला असला की माणसाला थांबता येते, हा त्याचा आणखी एक गुण. गडचिरोलीकडे मोहफुले वेचली की ज्याला त्या दिवशीच मीठ-तेल आणायचे असते तो ओली-सुकी जशी असतील तशी व्यापाऱ्याच्या काट्यावर घालतो. ज्याच्या घरी थोडा दम आहे तो नीट वाळवून ठेवतो आणि भाव चढल्यावर काढतो. फूल तेच, झाड तेच. आपल्याकडे तोडीची चिठ्ठी येईपर्यंत ज्याला दम निघत नाही तो उभा ऊस चाऱ्याला किंवा गुऱ्हाळाला देऊन मोकळा होतो, त्यातलाच हा प्रकार.

त्याच भागातल्या वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या झाडीपट्टी नाटकवाल्यांचेही असेच आहे. धान निघाले की दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके. कलावंताला प्रयोगागणिक पैसे. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, फार आनंदाची गोष्ट. पण 2020 च्या दिवाळीनंतर कोरोनाने हंगाम विस्कटला तेव्हा पडदा ओढणाऱ्यापासून हार्मोनियमवाल्यापर्यंत कोणाला टाळ्यांनी जेवू घातले नाही.

पैसा ठेवायचा कुठे? बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा बँक असो की राष्ट्रीयीकृत, फेब्रुवारी 2020 पासून ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे ध्यानात धरा. व्याज अर्धा टक्का जास्त देतात म्हणून भुलू नका. सहकाराचा आम्हांला अभिमान आहे, पण विदर्भातल्या नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा बँकांच्या ठेवीदारांनी 2012 च्या सुमारास काय सोसले तेही विसरता येत नाही. पोस्टही चांगले. आणि खाते जोडनावाचे करावे, त्यात घरच्या लक्ष्मीचे नाव पहिले. नवऱ्याच्या हाती उसनवारी मागायला येणारे मित्र असतात, तिच्याकडे ते जरा बिचकून येतात.

तेव्हा आमची सूचना अशी. ज्या ठेकेदाराची लेखी मागणी असेल त्याच्याच बिलातून शेकडा पाच रक्कम कारखान्याने त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात, दुसऱ्या वेगळ्या खात्यावर, बिलाच्याच दिवशी वर्ग करावी. कारखान्याने ती आपल्या पुस्तकात एक दिवसही ठेवू नये आणि येणे बाकीपोटी तिला हात लावू नये. सक्ती कोणावरही नको. संचालक मंडळाला यात तोटा काहीच नाही. उलट ज्याच्या पदरी शिल्लक आहे तो ठेकेदार मे महिन्यात उचलीसाठी दारात बसणार नाही. वार्षिक सभेपुढे हा विषय यावा म्हणून आम्ही पत्र देत आहोत. ज्यांना पटत असेल त्यांनी आपली सही गट ऑफिसात किंवा चिटबॉयपाशी द्यावी, आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी का पटत नाही ते दोन ओळींत लिहून पाठवावे. पुढच्या अंकात दोन्हीला जागा ठेवली आहे.