हवेचा अंदाज हा विक्रीचा माल नव्हे

हवामानाची माहिती बाजारभावाने विकली जाऊ लागली म्हणजे तिचा दर्जा आपोआप सुधारेल, असा सिद्धान्त अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. ज्या शास्त्राच्या बळावर हे अंदाज वर्तवले जातात त्याची जडणघडण कशी झाली, एवढे जरी या सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांनी पाहिले असते, तरी त्यांचा उत्साह पुष्कळसा ओसरला असता.

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता. पण त्याची धान्याची आयात आटली होती आणि लढणाऱ्या राष्ट्रांनी हवामानाच्या तारा लष्करी गुपित म्हणून रोखून धरल्या होत्या. १९१७ साली विल्हेल्म ब्यर्कनेस हे शास्त्रज्ञ लाइप्झिगहून बर्गनला आले. शेतकऱ्यांना अंदाज देता यावेत म्हणून १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी सरकारच्या साहाय्याने निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे विणले. दीपगृहांचे रखवालदार, कोळी, शेतकरी वारा, ढग, पाऊस यांच्या नोंदी धाडू लागले. केंद्रे विरळ असताना नकाशावर जे दिसतच नव्हते, ते आता दिसू लागले. तापमान व आर्द्रता यांच्या दृष्टीने एकजिनसी अशा, शेकडो मैल पसरलेल्या वायुराशी परस्परांना भेटतात, तेव्हा त्या सहजासहजी मिसळत नाहीत. जड, थंड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते. उबदार हवा वर चढते, निवते आणि पाऊस पाडते. विल्हेल्म यांचे पुत्र याकोब यांनी १९१९ मध्ये आवर्ताची ही रचना मांडली. दोन राशींमधील सीमेला युद्धाच्याच परिभाषेतून नाव मिळाले : आघाडी.

या शोधामागे शास्त्रज्ञाची प्रतिभा होती, तसे त्या अनामिक निरीक्षकांचे श्रमही होते. एकट्या केंद्राची नोंद जवळजवळ निरुपयोगी असते. सर्व नोंदी एकत्र आल्या म्हणजेच तिला अर्थ येतो. शिवाय एका शेतकऱ्याने अंदाज वापरला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा अंदाज कमी होत नाही. अशा वस्तूला किंमत लावणे म्हणजे जेथे टंचाई नाही तेथे ती निर्माण करणे होय. खाजगी कंपन्या अधिक कार्यक्षम असतात म्हणावे, तर त्यांच्या अंदाजांचा पाया सार्वजनिक पैशाने उभारलेले उपग्रह, रडार आणि वेधशाळा हाच आहे. सामाजिक श्रमाचे फळ आधी फुकट घ्यायचे आणि मग ते समाजालाच विकायचे, यास कार्यक्षमता म्हणत नाहीत.

महाराष्ट्राचा मोसमी पाऊस हा काही युरोपातल्यासारखा आघाड्यांचा खेळ नव्हे. परंतु उत्तरेची थंड, कोरडी हवा आणि समुद्रावरून येणारी दमट हवा यांची गाठ पडली म्हणजे काय घडते, हे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा-विदर्भाला दाखवून दिले. काढणीला आलेला गहू-हरभरा डोळ्यांदेखत आडवा झाला. असा इशारा वेळेवर, गावाच्या भाषेत आणि पिकाच्या अवस्थेनुसार मिळावा, हेच जिल्हास्तरीय कृषी हवामान केंद्रांचे काम. २०१८ पासून देशात अशी १९९ केंद्रे उभी राहिली आणि २०२४ मध्ये ती बंद करण्याचे आदेश निघाले! स्वयंचलित यंत्रे आल्यावर माणसे कशाला, हा युक्तिवाद तयारच असतो. यंत्र तापमान सांगेल; कापून ठेवलेला हरभरा आज झाकायचा की उद्या, हे कोण सांगणार? ज्याची ऐपत आहे तो सल्ला विकत घेईल; दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे पाहत राहील.

१८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि त्यामागून आलेले दुष्काळ यांनंतर १८७५ मध्ये परकीय सरकारलाही हवामान खाते काढणे भाग पडले. स्वकीय सरकारने त्याच्याही मागे जावे काय? वायुराशीचा सातबारा कोणाच्याही नावावर नाही. तिच्या वाटचालीचे ज्ञानही कोणाच्या नावावर चढता कामा नये. प्रत्येक नोंद सर्वांना खुली हवी आणि जिल्हा केंद्रे कायम पदांवर, सरकारी खर्चाने चालली पाहिजेत. ही मागणी दयेची नाही. समाजाने स्वतःच्या श्रमावर सांगितलेला हा हक्क आहे.