कॉल आला का?

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत धाकट्या काकांचे एक जुने कार्ड सापडले. सेवायोजन कार्यालयाचे! नाव, शिक्षण बी.ए., नोंदणी क्रमांक आणि १९८३ सालचा शिक्का. खाली नूतनीकरणाच्या चार तारखा. प्रत्येक तारखेमागे काकांची एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी एक खेप होती. तारीख हुकली की नाव कमी, ज्येष्ठताही गेली, या धाकाने ते एकदा अंगात ताप असताना गेलेले मला आठवते. परतले की आजी दारातच विचारी, "कॉल आला का रे?"

कॉल कधी आला नाही. अडत्याकडे हिशेब लिहिण्यात काकांची उमर गेली.

वाचकहो, दोष आम्ही खिडकीमागच्या कारकुनाला देत असू. पण मेख कायद्यातच होती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून ही कार्यालये १९४५ साली निघाली आणि १९४८ साली सर्वांना खुली झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांवर, तसेच २५ किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी मालकांवर, काही अपवाद सोडून, रिकाम्या जागा कळविण्याची सक्ती केली. मात्र माणूस कार्यालयामार्फतच घेतला पाहिजे, असे बंधन कोणावर नाही, हेही त्यातच नमूद होते. जागा कळवायची, माणूस हवा तेथून घ्यायचा! काका तीन-तीन वर्षांनी शिक्का मारून आणीत होते तो केवळ रांगेतल्या क्रमांकावर.

याच महाराष्ट्रात १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला वचन दिले होते : पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. ते वचन कितपत पाळले गेले, हा प्रश्न निराळा. पण उत्तर देण्याची मुदत सरकारने तेथे स्वतःवर घालून घेतली होती. बी.ए. झालेल्या काकांसाठी अशी मुदत कोणी बांधून घेतली नाही.

आता काकांचा मुलगा बेकार आहे. त्याला एस.टी.ची खेप पडत नाही. घरबसल्या मोबाइलवर 'नोंदणी यशस्वी झाली' असा निरोप येतो. पुढे काही येत नाही. मध्यंतरी शहरातल्या एका एजन्सीने मुलाखतीच्या नावाखाली त्याच्याकडून दोन हजार रुपये घेतले. त्यानंतर तिचा फोन लागत नाही. पोरगा हल्ली घरात कोणाशी फारसे बोलत नाही.

नकार मिळाला तर माणूस दोन दिवस कष्टी होतो आणि दुसरी वाट धरतो. उत्तरच आले नाही तर तो वाट पाहत राहतो, आणि त्यात उमेदीची वर्षे निघून जातात. सर्वांना नोकरी देणे एखाद्या कार्यालयाच्या हातात नसेल. पण 'तुमच्याजोगी जागा तूर्त नाही, अमुक एक शिकून घ्या' एवढे ठरल्या दिवसांत कळविणे त्याच्या हातात खासच आहे. बेकाराने निदान एवढे तरी हक्काने मागावे.

कार्ड घेऊन मी काकांकडे गेलो. "काका, हे टाकून देऊ?"

त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसले आणि म्हणाले, "राहू दे रे. बोलावणे आलेच तर क्रमांक विचारतील."

मुलगा शेजारीच बसला होता. तो हसला नाही.