उजवीकडची खुर्ची

गेल्या ईदला आमच्या धाकट्याने जमलेली ईदी मोजली आणि त्यातून एक जेट विमान विकत घेतलं. वाचक भाऊबहिणींनो, दचकू नका, विमान कॉम्प्युटरमधलं. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आमच्याकडे आधीपासून आहे. त्यात बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली विमानं पैसे देऊन बसवता येतात, त्याला ही मुलं ‘ॲड-ऑन’ म्हणतात. त्याला हवं होतं आठ-दहा माणसांचं छोटं जेट, उद्योगपती वापरतात तसलं. मी म्हटलं, या पैशांत तुझे बूट आले असते.

चौथ्या दिवशी तो गप्प गप्प होता. विमान देखणं होतं, आतल्या चामड्याच्या खुर्च्यांची शिवणसुद्धा दिसायची. पण निम्मी बटणं नुसती चित्रं. वाटेत मार्ग बदलायचा म्हटलं तर यंत्र ऐकत नव्हतं. आणि त्याच्याच शब्दांत सांगते, “अम्मी, खाली उडवलं काय, वर उडवलं काय, हे इंधन तेवढंच पितं.” खरं जेट खालच्या दाट हवेत कितीतरी जास्त इंधन खातं, म्हणून तर ते एवढं उंच चढतं. पैसे परत मिळायची सोय नव्हती. मी रागावणार होते, पण ही खोट पोराने स्वतः शोधली होती. ओरडायचं राहून गेलं.

गंमत अशी की बरं विमान घरातच होतं. सिम्युलेटर 2020 च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्याच्या साध्या आवृत्तीतच सेसना सायटेशन सीजे-४ नावाचं जेट दिलेलं होतं. तेही सुरुवातीला अर्धवटच होतं, मार्ग भरायचा संगणक धड चालत नसे. मग ‘वर्किंग टायटल’ नावाच्या काही हौशी मंडळींनी ते खऱ्या विमानाशी ताडून दुरुस्त केलं आणि फुकट वाटलं. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यांनाच आपल्या कामात घेतलं. हौसेने केलेलं काम विकतच्या मालाला भारी पडलं, हे मला फार आवडलं.

सीजे-४ एकट्या वैमानिकाला उडवायची परवानगी असते. तरी धाकट्याने मला उजवीकडच्या खुर्चीत बसवलं, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. माझं काम यादी वाचायची. “पार्किंग ब्रेक?” “सेट.” “बॅटरी?” “ऑन.” मी चष्मा लावून वाचते आणि तो प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून उत्तर देतो. हाच मुलगा दप्तर भरताना रोज डबा विसरतो.

आम्ही मुंबईहून हैदराबादला निघालो. वर 37,000 फूट. उजव्या हाताला सोलापूर मागे पडलं की उतरायचा हिशेब सुरू करायचा. हिशेब सोपा आहे : उंचीच्या हजारांना तीनने गुणा. सदतीस त्रिक एकशे अकरा, म्हणजे 111 सागरी मैल, साधारण 205 किलोमीटर आधी उतरायला लागायचं. त्यासाठी खालची उंची यंत्रात आधी लावून ठेवावी लागते. नाही लावली तर विमान मुकाट वरच चालत राहतं, आठवण करून देण्यापलीकडे काही करत नाही. “मी विसरलो तर तू सांग,” असं त्याने मला बजावलं होतं.

नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. मी परत आले तोवर जागा मागे पडली होती आणि धाकटा फिजिक्सच्या वहीत डोकं घालून बसला होता.

मग जी धांदल उडाली! नाक खाली केलं तर वेग वाढतो, आणि वेग जास्त असला की फ्लॅप उघडता येत नाहीत. या जेटचं अंग इतकं गुळगुळीत की उतरणं आणि वेग कमी करणं एकाच वेळी धड होत नाही. इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी सोयही यात नाही, ते हातानेच करायचं. पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले, तरी 10,000 फुटांखाली जायच्या आत वेग 250 नॉटवर यायला हवा, तो येईना. शेवटी शहराच्या अलीकडे एक मोठी घिरटी घालून आम्ही उतरलो. त्याच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं, मजा आली का? म्हणाला, “पहिल्यांदाच.”

ईदीच्या विमानात अशी चूक झालीच नसती, कारण त्यात चुकीला काही किंमतच नव्हती. बटणं किती चालतात हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. आपण विसरलो तर विमानाला कळतं का, एवढं पाहावं.

याच्याही पुढची विमानं आहेत. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी हॉट स्टार्टचं चॅलेंजर 650 आहे, 2022 मध्ये आलेलं. आज ज्या अवस्थेत सोडाल त्याच अवस्थेत ते उद्या भेटतं. किंमत शंभर डॉलरांहून जास्त. धाकट्याने मागितलं, मी नाही म्हटलं. पैशांचं कारण होतंच, पण अकरावीच्या मुलाला रोज तयारीतच तास घालवायला लावणारं विमान मला नको होतं. सीजे-४ जेवणाआधी निघतं आणि जेवणाच्या वेळेला उतरतं.

त्याला वैमानिक व्हायचंय, हे मला त्या रात्री कळलं. बारावीला फिजिक्स-गणित लागतं, व्यावसायिक परवान्याला किमान वय 18 आणि 200 तासांचं उड्डाण, हे सगळं त्याला पाठ होतं. घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास त्यात धरत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. खर्चाचा आकडा मात्र तो बोलला नाही. मला ठाऊक आहे, आमच्या टायरच्या दुकानाच्या कित्येक वर्षांच्या कमाईत तो बसत नाही. मीही तो काढला नाही.

परवा त्याचे अब्बा दुकानातून आले आणि उभ्यानेच पडद्याकडे पाहू लागले. आम्ही धावपट्टीला टेकत होतो.

“टायरमध्ये हवा किती असते रे याच्या?”

“हवा नाही अब्बा, नायट्रोजन.”

“नायट्रोजन तर आपल्याकडेही भरतो,” ते म्हणाले आणि माझं स्टूल ओढून बसले. यादी आता त्यांच्या हातात आहे. मला पुढच्या वेळी मागच्या चामड्याच्या खुर्चीवर बसावं लागणार.