गळावरची माशी

ज्या घरांत मासळीचें नांवहि कोणी काढीत नाहीं, त्या घरांत गळाला लावावयाची माशी बांधण्याचा उद्योग सुरू व्हावा, ही गोष्ट वाचकांस सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण मागल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं तें घडलें खरें. मित्रांसमवेत कोंकणांत जावें, खाडीच्या मुखाशीं गळ टाकावा, मासा लागलाच तर डोळे भरून पाहून पुन्हा पाण्यांत सोडावा, असा आमच्या पुतण्याचा बेत होता.

“अरे, खायचा नाहीं तर मग धरायचा कशाला?” आत्याबाईंनीं विचारलें. ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं अद्यापि उत्तर नाहीं.

छंद मात्र परका म्हणवत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून, कोणत्या माशाला कोणतें आमिष रुचतें ह्याची चर्चा त्यांत आहे. पिसांच्या खोट्या माशीचा उल्लेख सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच्या एलिअन ह्या रोमन लेखकानें केला आहे. मॅसिडोनियांतील लोक गळाला तांबडी लोंकर गुंडाळून त्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बांधीत. समुद्रावरची माशी मात्र नांवाचीच माशी. ती लहान माशाचें सोंग घेते. सन १९८७ मध्यें अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील बॉब क्लाउझर ह्यांनीं तिला जड डोळे बसविले. डोळे गळाच्या पाठीवर बांधले, कीं वजनानें गळ पाण्यांत उलटा होतो. टोंक वर राहतें व खडकांत अडकत नाहीं.

आमच्या कारागिरानें न गंजणाऱ्या पोलादाचा गळ शिकंज्यांत धरला, त्याचा उलटा दांत पकडीनें दाबून सपाट केला (मासा सोडतांना जखम कमी व्हावी म्हणून) आणि दांड्यावर दोरा गुंडाळला. आतां केंस हवेत. त्याची दृष्टि देवघरांतल्या चवरीकडे गेली. वनगाईच्या शेपटीचे केंस ह्या कामीं उत्तम खरे, पण आत्याबाईंनीं चवरी तत्काळ आपल्या ट्रंकेंत कुलपाखालीं घातली! शेवटीं एका फाटक्या बाहुलीचे पांढरे केंस पोटाला, हिरवे रेशीम पाठीला, आणि मधें वहिनींच्या जुन्या पदराची नकली जर. खारें पाणी खऱ्या जरीला काळें पाडतें. येथें नकलीच सरस.

राहिले डोळे. त्यांसाठीं ह्या पठ्ठ्यानें शिशाची तार आणली आणि दुपारीं सर्व निजले असतां स्वयंपाकघरांतल्या पळींत ती वितळविली. शिसें ३२७ अंशांवरच पातळ होतें. घरची शेगडी त्याला पुरते. संध्याकाळीं दीड वर्षांची धाकटी नात ओट्याखालीं बसलेली वहिनींस दिसली. तिची मूठ उघडली तों आंत शिशाची गोळी. एकच होती, कीं एखादी आधीं पोटांत गेली होती, हें सांगणार कोण? डॉक्टरांनीं छायाचित्र काढविलें, रक्तहि तपासावयास पाठविलें. पोटांत कांहीं नव्हतें. रक्ताचा निकाल येईपर्यंतचे दोन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. निकाल निर्दोष आला.

मुलांच्या रक्तांत शिशाचें निर्धोक असें प्रमाणच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुद्धीची जी हानि होते ती मागाहून भरून येत नाहीं. गळाच्या बारीक शिसगोळ्या गिळून हंस मरूं लागले, तेव्हां इंग्लंडांत त्यांच्या विक्रीवर बंदी आली, तीहि १९८७ सालींच. आम्ही पुतण्यावर रागावलों, पण दोष आमचाहि होता. आत्याबाई सोंवळ्यासाठीं ‘तें स्वयंपाकघरांत नको’ म्हणाल्या, तेव्हां आम्ही हंसलों होतों.

पुढील डोळे त्यानें किल्ल्यांच्या जुडग्याच्या पोलादी मणीसाखळीचे केले. जोडलेले दोन मणी कापून घेतले, कीं मधल्या दुव्यावर दोऱ्याचे आडवेतिडवे वेढे बसतात. (पितळेचे मणीहि मिळतात, पण पितळेंत कधीं कधीं शिसें मिसळलेलें असतें.) शिसें पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, पोलाद आठ पटींच्या आंतच, शिवाय हे मणी पोकळ, म्हणून माशी हळू बुडते, आणि मोठे मणी घ्यावे लागतात. घंगाळांत सोडून पाहिली तेव्हां ती टोंक वर करूनच तळाशीं गेली. धाकटी नात कडेवरून पाहत होती.

कोंकणांत त्याला एक तांबोशी लागली. परत आल्यावर आत्याबाईंनीं दारांतच विचारलें, “सोडलीस ना?” त्यानें मान हलविली. नवी पळी त्यानें स्वतःच्या पैशानें आणून दिली; जुनी कितीहि घांसली तरी वहिनींनीं पुन्हा घरांत घेतली नाहीं.