मधली वर्षं रिकामी नव्हती

"दीदी, बीच में चौदह साल क्या किया?"

कोलकात्यातल्या एका कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर हा प्रश्न आला तेव्हा माझं वय एकोणचाळीस होतं. एका हातात एम.ए. मराठीची गुणपत्रिका, दुसऱ्या हातात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज, आणि दोन्हींच्या तारखांमध्ये चौदा वर्षं. कारकुनाचा सूर वाईट नव्हता. त्याला फक्त एक कागद हवा होता. या काळात मी कुठेही शिकत नव्हते, असं शपथपत्र. स्टॅम्प पेपरवर मी ते लिहून दिलं.

त्या चौदा वर्षांत मी यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत काम करत होते. एकट्या बायांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायचे, तलाठ्याकडे चार-चार खेपा घालायच्या, रेशनकार्डावरून गळलेली नावं परत चढवायची. पारधी बेड्यावरची पोरं शाळेत घालायची तर जन्माचा दाखला नाही. जातीचा दाखला काढायचा तर पन्नासच्या आधीचा पुरावा नाही. पुरावा कुठून असणार? ज्यांना इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगार ठरवलं, त्यांची नोंद पोलीस ठाण्यात सापडते, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये नाही. हे सगळं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण नवऱ्याची रेल्वेत बदली होऊन आम्ही कोलकात्याला गार्डन रीचला आलो, मुलगा मोठा झाला आणि ठरवलं की ज्या कामात अर्धं आयुष्य गेलं, त्याची पदवी घ्यायची. कारण पदवी नाही म्हणून चौदा वर्षं मी 'कार्यकर्ती'च राहिले. माझ्या हाताखाली काम शिकलेली मुलं एम.एस.डब्ल्यू. करून आली आणि प्रकल्प समन्वयक झाली.

वर्गात सगळे बावीस-तेवीसचे. दोन प्राध्यापक माझ्यापेक्षा लहान. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'समुदायात प्रवेश कसा करावा' हा पहिल्या सत्रातला धडा. मी ज्या वस्तीत जन्मले, तीच पुस्तकात 'समुदाय' म्हणून आली होती. तिच्यात प्रवेश करायला शिकणारा विद्यार्थी बाहेरचाच असणार, हे पुस्तकाने गृहीत धरलं होतं.

आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क. कालव्याकाठच्या एका वस्तीत मला पाठवलं. तिसऱ्या भेटीत एका आजीने खाटेवर बसवून चहा दिला, मीही माझ्या आईचं सांगितलं. अहवालात ते तसंच लिहिलं. शेरा आला, 'गरजेपेक्षा जास्त गुंतणूक, व्यावसायिक अंतर राखा.' गुण कापले गेले. त्याच वस्तीत माझ्या सोबतची मुलगी रुमाल नाकाला लावून प्रश्नावली भरून आली. तिच्या अहवालाचं इंग्रजी चांगलं होतं.

मी जातीचा विषय काढला की हमखास उत्तर मिळायचं, "ते तुमच्या महाराष्ट्रात. बंगालमध्ये जात नाही." म्हणणाऱ्यांची आडनावं मात्र वर्षभर त्याच चार-पाच घराण्यांतली निघायची.

बंगालमध्ये जात नसेल, तर चुनी कोटालचं काय झालं?

आपल्यापैकी अनेकांना हे नाव माहीत नसेल. चुनी १९६५ साली मेदिनीपूर जिल्ह्यातल्या एका लोधा कुटुंबात जन्मली. लोधा म्हणजे 'गुन्हेगार जमात' ठरवले गेलेले, १९५२ मध्ये कागदोपत्री त्यातून मुक्त झालेले लोक. आपल्याकडच्या पारध्यांसारखीच कथा. चुनी लोधांमधली पहिली स्त्री पदवीधर. १९८३ मध्ये ती झाडग्रामच्या आदिवासी विकास कार्यालयात समाजसेविका म्हणून लागली, आपल्याच लोकांमध्ये काम करायला. नोकरी करत १९८५ मध्ये मानववंशशास्त्राची पदवी घेतली. पुढे मेदिनीपूरच्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक झाली. आणि मग ती शिकायला परत गेली. विद्यासागर विद्यापीठात, एम.एस्सी.ला.

सत्तावीस हे काही मोठं वय नव्हे. पण वसतिगृहाची चोवीस तासांची जबाबदारी, घराला पैसे पाठवायचे, आणि वर्गात बसायचं, हा भार आपल्यातल्या प्रत्येक परतलेल्या विद्यार्थ्याला ओळखीचा आहे. चुनीची तक्रार होती की हजर असूनही तिची गैरहजेरी लागते, गुण अडवले जातात, आणि गुन्हेगार जमातीतली म्हणून तिला भर वर्गात हिणवलं जातं. तिची दोन वर्षं वाया गेली. १९९१ मध्ये तिने तक्रार केली, चौकशी समिती नेमली गेली, निष्पन्न काही झालं नाही. १६ ऑगस्ट १९९२ रोजी तिने खरगपूरला नवऱ्याच्या खोलीत जीव दिला.

त्यानंतर कोलकात्याच्या रस्त्यांवर निषेध झाले, बांग्ला दलित साहित्य संस्थेने आवाज उठवला, महाश्वेता देवींनी लिहिलं. १९९८ मध्ये विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड उभे राहिले. बंगालचा आणि महाराष्ट्राचा हा धागा जुना आहे. १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेत गेले तेही जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने बंगालमधूनच.

चुनीकडे लेखी गुणवत्ता होती आणि लोधांबद्दलचं असं ज्ञान होतं, जे ती जगली होती. मानववंशशास्त्राच्या विभागाला याहून मोठा ठेवा कुठला हवा होता? पण अभ्यासाचा विषय म्हणून जी चालते, ती शेजारच्या बाकावर बसली की चालत नाही. समाजकार्याच्या विभागांमध्येही हाच आजार आहे. आपली वस्ती त्यांना 'फिल्ड' म्हणून हवी असते, सहकारी म्हणून नको असते. आणि जो वयाने मोठा होऊन येतो, त्याच्यापुढे ही अडचण जास्त येते. बावीस वर्षांच्या पोराला 'शिकशील हळूहळू' म्हणता येतं. चाळिशीची बाई 'हे असं होत नाही, मी पाहिलंय' म्हणते.

म्हणून लेखी परीक्षेपेक्षा अंतर्गत गुण, तोंडी परीक्षा आणि फिल्डवर्कचे शेरे यांकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवं. तिथे कारण लिहून द्यावं लागत नाही. एका पर्यवेक्षकाचं मत म्हणजे निकाल.

पैशाचंही बघू. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत वर्षानुवर्षे एक कलम आहे. एका टप्प्याचं शिक्षण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला, तर शिष्यवृत्ती नाही. म्हणजे एम.ए. नंतर एम.एस.डब्ल्यू. करायचं असेल तर स्वतःच्या खिशातून. आपल्यातल्या किती जणांनी जवळच्या कॉलेजात जो विषय होता त्यात एम.ए. केलं? कोणी सांगणारं नव्हतं म्हणून मराठी घेतली, इतिहास घेतला. पहिल्या पिढीला आपला रस्ता उशिरा सापडतो, आणि सापडतो तेव्हा नियम म्हणतो की तुमची पाळी झाली. त्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, म्हणजे महिन्याला एकवीस हजारही नाहीत. परदेशी शिकायला राष्ट्रीय शिष्यवृत्ती हवी तर वय पस्तिशीच्या आत. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकल्या आहेत त्याचं वय आणि ज्याने आधी धाकट्या बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण, घराचं छप्पर उरकलं त्याचं वय एकाच पट्टीने मोजलं जातं.

आणि ज्याला हे 'गॅप' म्हणतात, ते काय असतं? बाबासाहेबांच्या शिक्षणातही गॅप आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. १९२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, संसार मागे ठेवून, सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले, शाहू महाराजांकडून आणि नवल भथेना या मित्राकडून मिळालेले पैसे घेऊन ते पुन्हा गेले आणि डी.एस्सी. होऊनच थांबले. मधल्या तीन वर्षांत त्यांनी काय केलं? साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांची बाजू मांडली. 'मूकनायक' सुरू केलं. या काळासाठी कोणी त्यांच्याकडे शपथपत्र मागितलं असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं?

आपल्या मागण्या साध्या आहेत. वस्तीत केलेल्या कामाची तपासणी करून त्याला फिल्डवर्कचं श्रेयांक द्या. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये अनुभव मोजण्याची तरतूद आहे, ती समाजकार्य विभागांनी वापरावी. फिल्डवर्कचे गुण दोघांनी द्यावेत आणि कापले तर कारण लेखी द्यावं. अहवाल मातृभाषेत लिहायची मुभा असावी. शिष्यवृत्तीतलं 'त्याच टप्प्याचं' कलम किमान पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी काढावं. नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवारी फिल्डवर्क करता यावं.

आणि एक विनंती तुम्हा वाचणाऱ्यांना. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी ताई, वहिनी, मामा असेल ज्याचं शिक्षण सुटलंय आणि जो वीस वर्षं लोकांचीच कामं करतोय. अर्ज ऑनलाइन असतो, इंग्रजीत असतो. तुम्हाला तो भरता येतो. बसा त्यांच्या शेजारी. वर्गात परतल्यावर तिथे काही वावगं झालं तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवायला सांगा. अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. मुख्य म्हणजे त्यांना एकटं सोडू नका. चुनीने तक्रार केली होती. तिच्या बाजूने माणसं रस्त्यावर आली ती मात्र नंतर.

माझं दुसरं वर्ष चालू आहे. ते शपथपत्र माझ्या फाइलमध्ये आहे. पदवी मिळाली की त्याच्यामागे मी एक कागद जोडणार आहे. त्या चौदा वर्षांत ज्यांची कामं झाली, त्या गावांची आणि बेड्यांची यादी.

जय भीम.