न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी



रोवणी आटोपली. बांध्यांत पाणी उभे आहे. आता थोड्याच दिवसांत खोडकिडीबद्दल विचारणा सुरू होईल. त्याआधी आज एक वेगळा विषय घेतो. विषय शौचाचा आहे. मायबहिणींनी संकोच करू नये आणि बाप्यांनी हसण्यावारी नेऊ नये. ज्या दुखण्याची लाज वाटते, तेच दुखणे घरात लपून वाढते.

खोडकिडीची अळी धानाच्या खोडात शिरून आतला गाभा खाते. वरून धान हिरवागार दिसतो. पांढऱ्या लोंब्या दिसू लागतात तेव्हा त्यांत दाणा भरण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आम्ही सांगतो, लोंबीची वाट पाहू नका. पोंगा सुकलेला दिसताच उपटून पाहा. माणसाच्या आतड्याचेही तसेच आहे.

वैनगंगेकाठच्या गावी माझे मामा होते. साठी उलटली तरी नांगर धरायचे. एका वर्षी धुऱ्यावरून चालताना त्यांना दम लागू लागला. पोते उचलवेना. मी म्हटले, "मामा, डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "वय झालं बाबू, आता काय कुस्ती खेळायची आहे?" तपासले तर अंगात रक्त कमी. वर्षभर लोहाच्या गोळ्या आणि ताकदीचे औषध चालले. रक्त थोडे चढे, पुन्हा उतरे. ते जाते कुठे, हे कोणी विचारले नाही. मीसुद्धा नाही. पान पिवळे दिसले की नुसता युरिया फेकू नका, आधी मूळ पाहा, असे गावोगाव सांगत फिरणारा मी! पुढे नागपूरला दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती यकृतापर्यंत पसरली होती. मामांनी पुढची रोवणी पाहिली नाही. शौचात रक्त त्यांना कधीच दिसले नव्हते.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधी कधी चामखिळीसारखा कोंब येतो. सगळेच कोंब वाईट नसतात. पण एखाद्याचा कर्करोग होतो आणि त्याला बहुधा कित्येक वर्षे लागतात. या काळात त्यातून अधूनमधून थोडे रक्त झिरपते. ते शौचात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. तेवढ्यात सापडले तर कोंब दुर्बिणीतूनच काढता येतो.

हे रक्त शोधण्याची तपासणी सोपी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६ हजारांहून अधिक लोकांवर तिचा अभ्यास झाला. १९९३ साली निष्कर्ष आले. दरवर्षी तपासणी ठेवलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. इंग्लंडात तर ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी ही पेटी टपालाने घरी येते. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होते. आतड्याची त्यात नाही. म्हणून आपणच विचारायला हवे.

घरी तपासायचे संच बाजारात मिळतात. संच मिळाला नाही तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना देता येतो. नमुना घेण्याची रीत माती परीक्षणासारखीच आहे. शेताच्या एकाच कोपऱ्यातली माती आपण घेत नाही. तसेच इथेही काडी चार-सहा ठिकाणी टोचावी. शौच कोरड्या कागदावर धरावे. त्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नये. काडी द्रवाच्या बाटलीत घालून हलवावी आणि सांगितलेले थेंब पट्टीवर टाकावेत. 'सी'पाशी रेघ उमटलीच पाहिजे. नाही उमटली तर पट्टी बाद. 'टी'पाशीही रेघ आली, मग ती पुसट का असेना, तर रक्त आहे असे धरावे. संचातल्या कागदावर लिहिलेली वेळ पाळावी.

संच घेताना मुदतीची तारीख पाहा. तो सावलीत, थंड जागी ठेवा. आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. टिनाच्या छपराखाली तापलेला संच रक्त असूनही 'नाही' सांगू शकतो. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना ही तपासणी करू नये.

रक्त आढळले म्हणजे कर्करोगच, असे नाही. मूळव्याध, आतड्याची सूज, साधा कोंब अशी कारणेही असतात. पण पुन्हा दुसरा संच आणून 'या वेळी नाही आले' म्हणून गप्प बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्याच. आणि एकदा रक्त आढळले नाही म्हणून कायमचे निश्चिंतही होऊ नका. कोंबातून रोज रक्त जातेच असे नाही.

आपल्या झाडीपट्टीत आणखी एक रक्तपिपासू आहे, आकडेकृमी. डॉक्टर त्याला हूकवर्म म्हणतात. उघड्यावरच्या शौचातून त्याची अंडी ओल्या मातीत पडतात. अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि शेवटी लहान आतड्याला चिकटतात. एक जंत दिवसाला थोडेच रक्त घेतो, पण असे शेकडो असले तर माणूस पांढराफटक पडतो. वर सांगितलेली पट्टी मुख्यतः मोठ्या आतड्यातले रक्त ओळखते. हे जंत तिला चुकवू शकतात. त्यासाठी शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. औषध साधे आहे, जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मुलांना देतात तीच अल्बेंडाझोलची गोळी. मोठ्यांनी ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी लोहाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नयेत.

मग कोणी काय करावे? पन्नाशी गाठलेल्या, तक्रार नसलेल्या स्त्री-पुरुषांनी वर्षातून एकदा ही तपासणी करावी. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल तर डॉक्टरांना लवकर सांगावे. त्यांना पट्टीऐवजी थेट दुर्बिणीची तपासणी लागू शकते. शौचात रक्त डोळ्यांना दिसत असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, तीन आठवड्यांहून जास्त दिवस शौचाची सवय बदलली असेल किंवा वजन उतरत असेल, तर पट्टीत वेळ घालवू नये. सरळ दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. आणि वयस्क माणसाचे रक्त कमी निघाले तर गोळी घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : "डॉक्टर, रक्त जाते कुठे?"

जेवणात भातासोबत डाळ आणि पालेभाजी असू द्या. खर्रा आणि दारू सोडा. दारू या रोगाला वाट करून देते.

मी स्वतः गेल्या हिवाळ्यात ही तपासणी केली. घरची मंडळी हसली, "मातीचे नमुने कमी पडले वाटते!" रक्त आढळले नाही. यंदा पुन्हा करणार आहे. माती परीक्षणही एकदा करून जन्माचे भागत नाही.

पुढील अंकी खोडकिडीचे बोलू.