ऑर्डर अर्धवट सोडणारा शेतकरी अडाणी नसतो



परवा तालुक्याला एका कार्यक्रमात शेतीची औषधं, पंप असलं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीचा पोरगा माझ्या शेजारी बसला होता. शिकलेला, बोलायला गोड. म्हणाला, "काका, शेतकरी आमचं ॲप उघडतात, वस्तू बघतात, कार्टमध्ये टाकतात अन् पैसे द्यायच्या टायमाला निघून जातात. कन्व्हर्जन होत नाही. आपल्या लोकांना मोबाईल अजून जमत नाही."

मी म्हणलं, बाबा, हाच शेतकरी मोबाईलवरनं विहिरीची मोटर चालू करतो, पीएम किसानचं केवायसी करतो, बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो टाकतो. त्याला मोबाईल जमतो. तुमच्या दुकानावर त्याचा भरवसा बसत नाही, एवढंच.

माझंच सांगतो. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनवर अळी दिसायला लागली अन् नेमका आमचा बॅटरी पंप बसला. दुकानात पंप महाग वाटला म्हणून मोबाईलवर बघितला. किंमत २,१९९. खाली लाल अक्षरात "फक्त २ शिल्लक" अन् दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं. शेतात रेंज एक दांडी. फोटो उघडायलाच दोन मिनिटं गेली. सगळी माहिती इंग्रजीत, अक्षर बारीक, वरून ऊन. पत्त्यात घर नंबर अन् गल्ली लिहिल्याशिवाय पुढं जाऊ देईना. आम्ही वस्तीवर राहतो, आमच्याकडं गट नंबर असतो, गल्ली कुठून आणू? कसंबसं लिहून पुढं गेलो तर रक्कम २,५४८! डिलिव्हरीचे २०० अन् मी न मागितलेल्या जादा वॉरंटीचे १४९. मागचं बटण दाबलं तर सगळं पुसलं. दिलं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंमत म्हणून परत बघितलं. तेच "फक्त २ शिल्लक", तेच घड्याळ, परत दहा मिनिटांपासून सुरू. आता ह्यात अडाणी कोण?

ही फसवाफसवी आता नियमात बसत नाही, हे कितीजणांना माहीत आहे? केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात 'डार्क पॅटर्न'वर मार्गदर्शक नियम काढले. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, शेवटी जादा पैसे दाखवणं, असे १३ प्रकार त्यात नाव घेऊन बंद केलेत.

मग दुसऱ्या एका ठिकाणी, पार्सल हातात आल्यावर पैसे ह्या बोलीवर पंप मागवला. चौथ्या दिवशी आला. पैसे दिले, खोकं उघडलं, तर गनच नाही! दिलेल्या नंबरवर नुसतं गाणं वाजायचं. तीन दिवस उघाड होती ती गेली, मग पाऊस लागून बसला. दोन एकराची पानं अळीने चाळणी केली. घरची म्हणाली, "अहो, तीनशे रुपये वाचवायला गेलात अन् काय करून बसलात." बोलायला तोंड नव्हतं. शेवटी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. १९ व्या दिवशी गन आली. तोवर फवारणीचा टाइम कधीच निघून गेला होता.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ४८ तासांत तक्रारीची पोच अन् महिन्याभरात निकाल असं आहे. कपड्यालत्त्याला ठीक आहे. पिकाला महिना म्हणजे अर्धा हंगाम. शेतीचं सामान विकणाऱ्याने तिथं दोन दिवसाची बोली स्वतःहून लिहावी, मग बघा गिऱ्हाईक कसं थांबतं.

आपल्या कृषी सेवा केंद्रवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवतो. उधारीवर भाव चढा लावतो, नको ते टॉनिक गळ्यात मारतो. पण पंप बिघडला तर त्याच्या काउंटरवर नेऊन आपटता येतो. अन् पक्कं बिल देतो, त्यावर लॉट नंबर असतो. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढं जायला बिल, टॅग अन् पिशवीच लागते. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको जालन्यातच सुरू केली. बियाण्याच्या गावातली माणसं आपण, तरी चोर बीटीच्या पुड्या विनाबिलाच्या घेतो अन् फसलो की गप बसतो.

औषधांचंही तसंच. २०२२ च्या नोव्हेंबरात कीटकनाशक नियमांत बदल होऊन परवानाधारकाला ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली अन् परवाना खरा का खोटा हे बघायची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर टाकली. मग तो परवाना नंबर, एक्सपायरी, लॉट नंबर वस्तूच्या फोटोखालीच का लिहीत नाहीत? पहिल्याच पानावर बॅनर अन् चक्र फिरवा बक्षीस जिंका. कृषी सहायक अन् कंपनीच्या ॲग्रोनॉमिस्ट मंडळींनाही माझं म्हणणं आहे, ग्रुपवर लिंक टाकायच्या आधी एवढं बघत जा. शेतकरी तुमच्या नावावर घेतो.

पुण्याच्या अ‍ॅग्रोस्टारने सुरुवातीला मिस्ड कॉलवर धंदा उभा केला. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून माणूस फोन करणार. आजही मला वाटतं, ऑर्डरच्या बटणाशेजारी मराठीत बोलणारा माणूस पाहिजे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आम्हीही दुकानदार झालो. पुतण्याने मोसंबी थेट विकायला मोबाईलवर दुकान काढलं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणलं लोक उड्या टाकतील. महिनाभरात ऑर्डरी आल्या ४, त्यातल्या दोन पाव्हण्यांच्या. बघणारे मात्र रोज. मी फोटो बघितले, तर पोराने इंटरनेटवरून उचललेले, केशरी चकचकीत. मोसंबी नव्हे, संत्रं वाटत होतं ते. आपलं फळ हिरवट पिवळं, कोळीमुळं सालीवर मंगू पडलेला. म्हणलं हाच फोटो टाक अन् खाली लिही, साल डागी आहे, आत रस चांगला आहे. "नाना, असं लिहिलं तर कोण घेईल?" म्हणाला. लिहिलं तरी.

मग एका पुण्याच्या ताईंनी फोन केला. म्हणल्या, "पैसे पाठवायला गेले तर नाव वेगळंच येतंय, म्हणून थांबले." क्यूआर कोड सूनबाईच्या खात्याचा होता! आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानाच्या नावाचं खातं काढलं, खोक्याच्या किमतीतच गाडीभाडं धरलं, माझा नंबर वर टाकला. पुढच्या महिन्यात ३१ खोकी गेली.

एक खोकं सडकं पोचलं, पैसे परत केले. पार्सल हातात आल्यावर पैसे म्हणणाऱ्या दोघांनी खोकी घेतलीच नाहीत, माल परत येईस्तोवर पाणी झालं. तेव्हा कळलं, दुकानवाले आधी पैसे का मागतात ते. आता अर्धे आधी, अर्धे पोचल्यावर. ह्यावरही काहीजण सोडून जातात, पण पुतण्या आता त्यांना अडाणी म्हणत नाही. फोन करून विचारतो, कुठं अडलं.

पंप चालू आहे. गन घरातल्या जुन्या पंपाचीच लावलीय, आलेली नवी तिसऱ्या फवारणीला गळायला लागली.